सायकलस्वाराची सुरक्षितता आणि मोटारचालकाची आक्रमकता

मोटारचालकाच्या आक्रमक वर्तनापासून सायकलस्वाराने स्वतःचे संरक्षण कसे करावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सावधगिरीचा वाटतो. ‘कडेने जावे, मोठ्या वाहनास वाट द्यावी, फार धिटाई करू नये’ या परंपरागत उपदेशात त्याचे उत्तर सामावलेले आहे, असाही समज रूढ आहे. परंतु चालकाचे मानस, वाहनांची गती आणि रस्त्याची रुंदी या तीन घटकांचा एकत्र विचार केला असता हा उपदेश अपुरा, आणि काही प्रसंगी अपायकारकही ठरतो, असे दिसून येते. प्रस्तुत लेखात या तीन घटकांचे क्रमाने विवेचन करून त्यांतून निष्पन्न होणारे व्यावहारिक नियम, आणि त्या नियमांच्या मर्यादा, स्पष्ट करण्याचा हेतू आहे.

या प्रश्नास सामाजिक अंगही आहे. एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यासारख्या शहरात आज सायकल चालविणाऱ्यांचे दोन स्थूल वर्ग पडतात. पहिला वर्ग व्यायामासाठी वा आवडीने सायकल चालवितो. त्याला रस्ता आणि वेळ निवडता येते. दुसरा वर्ग रात्रपाळीचे पहारेकरी, बांधकामावरील मजूर, पहाटे वृत्तपत्रे टाकणारी मुले आणि शाळेत जाणाऱ्या विद्यार्थिनी यांचा आहे. त्यांना सायकलीवाचून गत्यंतर नसते आणि मार्गही बहुधा एकच असतो. सुरक्षिततेचे कोणतेही विवेचन या दुसऱ्या वर्गाच्या कसोटीस उतरले पाहिजे.

१. आक्रमकतेचे मानसशास्त्र

आक्रमक वर्तनाची सर्वपरिचित उपपत्ती म्हणजे जॉन डोलार्ड व येल विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांनी १९३९ मध्ये मांडलेली वैफल्य-आक्रमण उपपत्ती होय. ध्येयाच्या वाटेत अडथळा आला की वैफल्य उत्पन्न होते आणि त्याचा निचरा आक्रमणाच्या रूपाने होतो, असे तिचे सूत्र आहे. लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी १९८९ मध्ये या सूत्रास मुरड घालून असे दाखविले की, वैफल्यापासून प्रथम अप्रिय भावना उद्भवते. तिचे आक्रमणात रूपांतर होईल की नाही, हे परिस्थितीचा अर्थ व्यक्ती कसा लावते यावर अवलंबून राहते.

रस्त्यावरील क्रोधास ही मांडणी चपखल लागू पडते. जेरी डेफेनबाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये चालकांच्या क्रोधाचे मापन करणारी श्रेणी तयार केली. तिच्यात क्रोधाची सहा उगमस्थाने आढळली. ‘पुढील वाहनाची संथ गती’ आणि ‘वाहतुकीतील अडथळा’ ही त्यांपैकी दोन होत. सायकलस्वार हा आपल्या अस्तित्वानेच या दोन्ही गटांत मोडतो. त्याने कोणताही अपराध केलेला नसतो. तथापि घाईत असलेल्या चालकाच्या दृष्टीने तो व्यक्ती न राहता अडथळा बनतो.

व्यक्तीचे अडथळ्यात होणारे हे रूपांतर केवळ अलंकारिक नाही. ऑस्ट्रेलियात ॲलेक्सा डेलबॉस्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले एक अध्ययन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सायकलस्वारांस पूर्णांशाने मानव न मानण्याची वृत्ती आणि त्यांच्याशी आपण आक्रमकपणे वागल्याची कबुली, या दोहोंत संबंध असल्याचे त्यात आढळले. या वृत्तीस आणखी एका दोषाची जोड मिळते. एखाद्या सायकलस्वाराने तांबडा दिवा मोडला, तर चालक त्याचे खापर ‘सायकलवाल्यां’च्या संपूर्ण जातीवर फोडतो. तोच अपराध मोटारचालकाकडून घडला, तर तो त्या एका इसमापुरता धरला जातो.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. सायकलस्वारास खेटून जाणारा प्रत्येक चालक त्याचा शत्रू नसतो. काही चालक खरोखर धाक दाखविण्यासाठी तसे करतात. काहींचा अंतराचा अंदाज चुकतो. काहींनी सायकलस्वारास पाहिलेलेच नसते. बाधित होणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने या तिघांचा परिणाम एकच. शिवाय वाहन मागून येत असल्याने त्यांतील भेद आधी ओळखणेही शक्य नसते. म्हणूनच सायकलस्वाराचे वर्तन असे असले पाहिजे की, ते तिन्ही प्रकारच्या चालकांच्या बाबतीत सारखेच उपयोगी पडेल. चालकाच्या मनातील हेतू बदलणे सायकलस्वाराच्या हाती नसते. मात्र चालकापुढे येणारी परिस्थिती संदिग्ध ठेवावी की स्पष्ट करावी, हे काही अंशी त्याच्या हाती असते.

२. रुंदीचे गणित

संदिग्धता म्हणजे काय, हे आकड्यांनी स्पष्ट होईल. भारतातील रस्त्यांवर एका मार्गिकेची रुंदी सर्वसाधारणपणे ३.५ मीटर धरली जाते. सायकलीच्या हँडलची रुंदी सुमारे ०.६ मीटर असते. सायकलस्वार परंपरागत उपदेशानुसार डाव्या कडेपासून अर्धा मीटर अंतरावर चालला आहे, असे मानू. त्याच्या हँडलचे उजवे टोक कडेपासून ०.८ मीटरवर येईल. मध्यम आकाराची मोटार सुमारे १.७ मीटर रुंद असते. ती मार्गिकेतच राहून, उजव्या रेषेस अगदी चिकटून पुढे गेली, तरीही दोहोंमध्ये उरणारे अंतर फक्त १ मीटर होय. चालक सहसा रेषेस चिकटून चालत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात ते याहूनही कमी भरते. तीच गोष्ट २.५ मीटर रुंद बसची घेतली, तर उरणारे अंतर ०.२ मीटर, म्हणजे जेमतेम एक वीत इतकेच राहते. बसचे बाहेर आलेले आरसे यात धरलेले नाहीत.

आता सुरक्षित अंतर किती असावे, ते पाहू. ब्रिटनमध्ये भारताप्रमाणेच वाहने डाव्या बाजूने चालतात. तेथील वाहतूक-संहितेत २९ जानेवारी २०२२ पासून झालेल्या सुधारणेनुसार ताशी ३० मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरपर्यंतच्या गतीस किमान १.५ मीटर अंतर ठेवावे, व त्याहून अधिक गतीस ते वाढवावे, असे मार्गदर्शन आहे. वरील उदाहरणात हे अंतर राखावयाचे झाल्यास ०.८, १.५ आणि १.७ मिळून ४ मीटर रुंदी लागेल. मार्गिका तर साडेतीन मीटरच आहे. याचा अर्थ असा की, सायकलस्वार कितीही कडेला गेला, तरी सुरक्षितपणे पुढे जाऊ इच्छिणाऱ्या मोटारीस मार्गिकेची रेषा ओलांडावीच लागते.

या साध्या हिशेबातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. कडेला सरकून सायकलस्वार मागील वाहनास जागा देत नाही. जागा असल्याचा आभास मात्र देतो. समोरून वाहन येत असतानाही ‘येथून निघता येईल’ असे चालकास वाटते ते या आभासामुळे. याच क्षणी अधीर चालक अंतराचा जुगार खेळतो आणि जुगारात लावलेले धन दुसऱ्याचे असते.

जॉन फ्रँकलिन यांनी ‘सायकलक्राफ्ट’ या ग्रंथात सायकलस्वाराच्या दोन स्थानांचा जो भेद केला आहे, त्याचे मर्म हेच आहे. जेथे मार्गिका अरुंद असते, पुढे चौक असतो किंवा मागून ओलांडून जाणे धोक्याचे असते, तेथे सायकलस्वाराने मार्गिकेच्या मध्याजवळ असावे. हे त्याचे प्रथम स्थान. जेथे पुरेशी रुंदी असते, तेथे त्याने मोटारींच्या प्रवाहाच्या डावीकडे, तथापि कडेपासून अंतर राखून असावे. हे दुय्यम स्थान. ब्रिटिश संहितेनेही शांत रस्त्यांवर, संथ वाहतुकीत आणि चौकाजवळ येताना मध्यवर्ती स्थान घेण्याचे मार्गदर्शन केले आहे. मध्यावर असलेला सायकलस्वार चालकास स्पष्टपणे सांगतो की, येथून खेटून जाता येणार नाही. थांबावे किंवा पूर्ण बाजूने ओलांडावे.

भारतीय रस्त्यांवर कडेचा त्याग करण्यास आणखीही कारणे आहेत. गटारांची झाकणे, वाळू, काचांचे तुकडे, पावसाळ्यात पाण्याखाली दडलेले खड्डे आणि डांबराची तुटलेली कड ही सर्व कडेच्या अर्ध्या मीटरातच एकवटलेली असतात. ती चुकविण्यासाठी सायकलस्वार एकाएकी उजवीकडे वळतो आणि मागच्या वाहनाच्या वाटेत येतो. मुळातच कडेपासून पाऊण ते एक मीटर अंतरावर सरळ रेषेत चालणारा सायकलस्वार अधिक अनुमेय असतो. थांबलेल्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना तर त्यांच्यापासून किमान एक मीटर अंतर ठेवणे अगत्याचे आहे. कारण अवचित उघडलेले दार मागील कोणत्याही आक्रमक चालकाइतकेच घातक ठरते.

३. प्रत्यक्ष मापनांचे साक्ष्य

या मांडणीविरुद्ध जाणारे वाटावे असे एक मापन येथे विचारात घेणे प्रामाणिकपणाचे ठरेल. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी सायकलीवर ध्वनिलहरींनी अंतर मोजणारे यंत्र बसवून, स्वतः ती चालवून, दोन हजारांहून अधिक वाहनांनी ओलांडताना ठेवलेले अंतर नोंदविले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, ते कडेपासून जितके दूर चालत, तितके ओलांडणारे वाहन त्यांच्या अधिक जवळून जाई. शिरस्त्राण घातले असता वाहने सरासरीने सुमारे साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेली. लांब केसांचा टोप घालून स्त्रीसारखे दिसेल असे केले असता मात्र वाहनांनी अधिक अंतर ठेवले. प्रयोगाच्या काळात वॉकर यांना दोनदा, एकदा बसची आणि एकदा ट्रकची, धडकही बसली.

या निष्कर्षांचा अर्थ जपून लावला पाहिजे. सायकलस्वार कडेपासून दूर गेल्याने अंतर घटले हे खरे. परंतु तो जितका सरकला त्याच्या मानाने ही घट लहान होती. म्हणजे चालकही काही अंशी उजवीकडे सरकले. शिवाय या मापनात केवळ ओलांडून गेलेल्या वाहनांची नोंद आहे. जी वाहने मागे थांबली, त्यांची नाही. उलट कडेला चिकटलेल्या सायकलस्वाराजवळ, प्रसंग ओढवल्यास डावीकडे सरकण्यास जागाच शिल्लक राहत नाही. कडेपासून राखलेला एक मीटर हा त्याचा राखीव निधी होय. शिरस्त्राणाविषयीच्या निष्कर्षाचे फेरविश्लेषण जेक ऑलिव्हिए व स्कॉट वॉल्टर यांनी २०१३ मध्ये केले आणि खेटून जाण्याच्या प्रमाणावर शिरस्त्राणाचा परिणाम मान्य करण्यास नकार दिला. त्यामुळे या अभ्यासाच्या आधारे शिरस्त्राण टाकून देणे सयुक्तिक नाही. डोक्यास मार बसला असता ते उपयोगी पडते, हे निराळे सत्य आहे.

वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला दुसरा अभ्यास अधिक बोलका आहे. निरनिराळ्या सात पोशाखांनी चालकांच्या वर्तनात जवळजवळ फरक पडला नाही. केवळ पोलिसांचा उल्लेख व चित्रीकरण चालू असल्याची सूचना असलेल्या जाकिटामुळे वाहने अधिक दूर राहिली. आणि पोशाख कोणताही असो, शेकडा एक ते दोन वाहने अर्ध्या मीटरहून कमी अंतराने गेलीच. भडक वस्त्रे व दिवे यांमुळे सायकलस्वार दिसतो. परंतु दिसणे आणि मानले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. न पाहणाऱ्या चालकावर दिवा हा उपाय आहे. पाहूनही पर्वा न करणाऱ्या चालकावर शिक्षेची शक्यता हाच उपाय दिसतो.

४. गतीची मर्यादा

मध्यवर्ती स्थानाचा नियम सर्वत्र लागू करणे मात्र घातक ठरेल. सायकलची गती ताशी १५ किलोमीटर धरली आणि मागील वाहन ताशी ३० किलोमीटरने येत असेल, तर १०० मीटरांचे अंतर मिटण्यास सुमारे २४ सेकंद लागतात. वाहनाची गती ५० असल्यास सुमारे १० सेकंद, आणि ८० असल्यास जेमतेम साडेपाच सेकंद उरतात. वाहन थांबण्यास लागणारे अंतरही असेच वाढते. प्रतिक्रियेस दीड सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक गृहीत धरल्यास ३० च्या गतीस सुमारे साडेसतरा मीटर, ५० च्या गतीस सुमारे ३५ मीटर आणि ६० च्या गतीस सुमारे ४५ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर, झिजलेल्या टायरांवर किंवा चालकाची नजर भ्रमणध्वनीवर असता हे आकडे किती वाढतील, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणून संथ वाहतुकीच्या पेठांतील रस्त्यांवर जे स्थान रक्षक ठरते, तेच महामार्गावर किंवा शहराच्या बाह्यवळणावर भक्षक ठरते. गतीतील अंतर मोठे असेल, तेथे प्रथम विचार मार्ग बदलण्याचा असावा. तो शक्य नसल्यास महामार्गाच्या कडेच्या पक्क्या पट्टीचा आश्रय घ्यावा, अंधारात मागे तांबडा दिवा अवश्य असावा, आणि उड्डाणपूल व त्यांचे चढउतार टाळावेत.

५. प्रसंगी वर्तन

वरील तत्त्वांतून प्रत्यक्ष वर्तनाचे काही नियम निष्पन्न होतात.

पहिला नियम अनुमेयतेचा. सरळ रेषेत चालावे, वळण्यापूर्वी मागे पाहावे, हात स्पष्टपणे दाखवावा आणि मगच स्थान बदलावे. मागे वळून पाहण्याच्या क्रियेचा दुहेरी लाभ आहे. सायकलस्वारास वाहन दिसते आणि चालकास सायकलस्वाराचा चेहरा दिसतो. ज्याला ‘अडथळा’ मानले जात होते, त्याला पुन्हा व्यक्तित्व प्राप्त होते.

दुसरा नियम चौकाचा. डावीकडे वळणारी बस वा ट्रक यांच्या डाव्या बाजूने पुढे घुसण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. उंच वाहनाच्या चालकास त्या बाजूचा जवळचा भाग दिसत नाही, आणि वळताना मागील चाके पुढील चाकांपेक्षा आतून जातात. अशा वेळी त्या वाहनाच्या मागे थांबणे हेच शहाणपणाचे.

तिसरा नियम वाट देण्याचा. सतत हॉर्न वाजवीत पाठीशी लागलेल्या चालकास लवकरात लवकर, परंतु स्वतः निवडलेल्या सुरक्षित ठिकाणी, पुढे जाऊ द्यावे. घाबरून खड्ड्यात वा वाळूत उतरू नये आणि हट्टाने वाटही अडवू नये. मध्यवर्ती स्थान हे संरक्षणाचे साधन आहे, अधिकार गाजविण्याचे नव्हे.

चौथा नियम प्रत्युत्तर न देण्याचा. शिवी, हातवारे किंवा मोटारीवर मारलेली थाप यांमुळे चालकाच्या मनातील वैफल्यास वैयक्तिक अपमानाचे रूप येते. बर्कोविट्झ यांच्या मांडणीनुसार हाच अर्थबोध अप्रिय भावनेचे आक्रमणात रूपांतर करतो. शिवाय या द्वंद्वात एका पक्षाभोवती पोलादी कवच असते व दुसऱ्याभोवती काहीच नसते. चालक मुद्दाम पाठलाग करीत असेल, तर वर्दळीच्या दुकानापाशी, पेट्रोल पंपावर किंवा पोलीस चौकीपाशी थांबावे, वाहनाचा क्रमांक, वेळ व ठिकाण लिहून ठेवावे आणि ११२ या क्रमांकावर कळवावे.

६. कायद्याचा आधार

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ अन्वये धोकादायक रीतीने वाहन चालविणे हा अपराध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याविरुद्ध रीतीने दुसऱ्या वाहनास ओलांडणे, विरुद्ध दिशेने वाहन हाकणे आणि हाती भ्रमणध्वनी धरून चालविणे यांचाही त्यात स्पष्ट समावेश झाला. कलम १३४ अपघातातील चालकावर जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य लादते, तर कलम १३४ अ मदत करणाऱ्या त्रयस्थास संरक्षण देते. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालविण्याचा अपराध पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये आहे. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा शोध लागला नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून अमलात असलेल्या योजनेनुसार मृत्यू झाल्यास २ लाख व गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये भरपाई मिळू शकते. पहाटे वा रात्री एकट्याने जाणाऱ्या श्रमिक सायकलस्वाराच्या कुटुंबास ही तरतूद ठाऊक असणे फार अगत्याचे आहे.

७. वैयक्तिक कौशल्याच्या मर्यादा

येथवरचे विवेचन सायकलस्वाराच्या कौशल्यापुरते होते. परंतु सगळा भार त्याच्यावरच टाकणे न्याय्य नाही. मार्गिकेचा मध्य धैर्याने धरणे तरुण व सराईत सायकलस्वारास शक्य आहे. दप्तर लावून शाळेत निघालेल्या तेरा वर्षांच्या मुलीकडून, किंवा मागे ओझे बांधलेल्या वृद्ध मजुराकडून, ती अपेक्षा करता येत नाही. त्यांच्यासाठी रस्त्यानेच उत्तर दिले पाहिजे.

नेदरलँड्सचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७१ मध्ये तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतरच्या वर्षांत पालकांनी उभारलेल्या चळवळीचा शासकीय धोरणावर परिणाम झाला आणि स्वतंत्र सायकलमार्ग व वस्त्यांतील संथ रस्ते यांचे जाळे क्रमाने विणले गेले. तेथील सायकलस्वार धैर्याने अधिक आहे असे नाही. त्याला धैर्याची गरज कमी पडते.

भारतातील अनुभव संमिश्र आहे. दिल्लीत २००८ मध्ये सुरू झालेल्या आंबेडकर नगर ते मूलचंद या जलद बसमार्गालगत सायकलींसाठी वेगळी पट्टी होती. तो मार्ग २०१६ मध्ये मोडण्यात आला. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. परंतु शहरातील सायकलमार्गांवर उभी वाहने, विक्रेते आणि मार्गातील खंड ही दृश्ये परिचित आहेत. मध्येच संपणारा सायकलमार्ग सायकलस्वारास नेमका चौकाच्या तोंडाशी, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या जागी, पुन्हा मोटारींच्या प्रवाहात सोडून देतो.

सायकलस्वारांच्या संख्येचाही येथे संबंध येतो. पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये अनेक ठिकाणच्या आकडेवारीवरून दाखविले की, चालणारे वा सायकल चालविणारे यांची संख्या दुप्पट झाली, तर अपघात दुप्पट होत नाहीत. ते सुमारे एकतृतीयांशाने वाढतात. म्हणजे प्रत्येकाचा धोका सुमारे एकतृतीयांशाने घटतो. यातील कार्यकारणभाव दोन्ही दिशांनी असू शकतो, कारण सुरक्षित रस्त्यावर सायकलस्वार आपोआप वाढतात. तथापि नित्य दृष्टीस पडणाऱ्या गोष्टीकडे चालक अडथळा म्हणून कमी व सहप्रवासी म्हणून अधिक पाहू लागतो, हे स्पष्टीकरण पहिल्या भागातील मानसशास्त्रीय विवेचनाशी जुळते.

सारांश, सायकलस्वाराची सुरक्षितता कडेला अंग चोरण्यातही नाही आणि मोटारीशी झुंजण्यातही नाही. संथ रस्त्यावर आपली जागा स्पष्टपणे धरणे, वेगवान रस्ता टाळणे आणि चिथावणीस प्रत्युत्तर न देणे, एवढे त्याच्या हाती आहे. त्यापलीकडचे उत्तरदायित्व रस्ता आखणाऱ्यांचे व कायदा राबविणाऱ्यांचे आहे. साडेतीन मीटरांच्या मार्गिकेत चार मीटरांची गरज भागत नाही, हे गणित कोणत्याही सायकलस्वाराच्या सावधगिरीने बदलणार नाही.